डाव्या बाहीचं माप

मेन्तांगचा राजा मरत नसतो, तो हरवतो. म्हणून राजवाड्यातल्या बायकांनी डोकी भादरून घेतली, केळीच्या वाळक्या पानांवर बसून गळे काढले, पण तो एक शब्द कुणी तोंडातून काढला नाही. हरवलाय, एवढंच म्हणायचं. जणू दिवस मावळताना शेळ्या आत घेतल्या आणि एक कमी भरली.

सगळ्यात धाकटी राणी स्विरी. तिला मात्र मध्येच पानांवरून उठवलं.

"ऊठ पोरी," ता आवासुम म्हणाला. पुढचा राजा निवडणाऱ्या म्हाताऱ्यांमधला हा सगळ्यांत वडील. त्याला अख्खा गाव 'ता' म्हणजे बापच म्हणायचा. "तुझ्या हाताला काम आहे."

"रडणं अर्धंच झालंय, ता."

"ते पुरून उरेल. ऊठ."

स्विरीने मांडीवरचं बाळ पाठीला बांधलं आणि ती त्याच्या मागून चालू लागली. काम कुठलं ते तिला विचारावं लागलं नाही. मागच्या राजाचा तोघू, म्हणजे राजाने अंगावर चढवायचा नक्षीदार झगा, तिच्या बापाने शिवला होता. बापाला मुलगा नव्हता म्हणून सुई पोरीच्या हातात आली. बायकांनी तोघूवर टाका घालायचा म्हटल्यावर गावाने आधी नाकं मुरडली, मग टाका बघितला आणि गप्प बसला.

तिच्या खोलीत सगळं आणून ठेवलेलं होतं. बामेंडाच्या बाजारातून आणलेली काळी मखमल, रात्रीच्या आभाळासारखी, हात फिरवला की एकीकडून काळी आणि दुसरीकडून निळी दिसणारी. लाल, नारिंगी, पिवळ्या, पांढऱ्या सुताच्या लडी. आणि वर राफिया ताडाच्या पातीची एक दोरी, गाठी मारलेली.

तोघू शिवणाऱ्याला माणूस दाखवत नाहीत, दोरी दाखवतात. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत एक गाठ. मानेपासून घोट्यापर्यंत दुसरी. मग उजवी बाही, मग डावी. नवा राजा अचानक झडप घालून पकडायचा असतो; त्याआधी नाव फुटलं तर ज्याला पकडायचं तो पळून जातो, नाहीतर त्याचे भाऊच त्याचा काटा काढतात. म्हणून दोरी. दोरीला तोंड नसतं.

स्विरीने दोरी उचलली, दोन हातांत ताणली आणि तिला हसूच आलं.

"ता, ही दुमडून मापलीय का?"

"दोरी आहे तशी आहे."

"अहो, पण एवढ्याशा तोघूत बसणार कोण? बकरं?"

म्हातारा हसला नाही. दारातून वाकून बाहेर पडताना एवढंच म्हणाला, "मापाला मापासारखं शीव. विचारू नकोस, सांगू नकोस."

तो गेल्यावर तिने दोरी पुन्हा ताणली. यावेळी नीट, गाठीवर बोट ठेवून. खांदे लहान. उंची लहान. म्हणजे पोर आहे कुणाचं तरी. राजाची पोरं काय कमी होती? अंगणात एकावर एक लोळत असायची. मोठं होईपर्यंत म्हातारेच त्याच्या नावाने बोलणार, त्यांना सोयीचंच. बिचारं कुणाचं ते, असं तिच्या मनात आलं आणि ती उजव्या बाहीवरून डाव्या बाहीच्या गाठीवर आली.

डावी बाही आखूड होती.

चुकून असेल म्हणून तिने पुन्हा बघितलं. दोन्ही गाठी शेजारी शेजारी धरल्या. डावी दोन बोटं आखूडच.

पाठीवरचं बाळ कुरकुरलं. स्विरीच्या कानापर्यंत ते पोचलं नाही.

तिचा आकेन्जी अव्होकाडोच्या झाडावरून पडला होता तेव्हा कोपराखालचं हाड मोडलं होतं. हाडवैद्याने बांबूच्या कांबी बांधून जोडलं, पण हात वाकडाच राहिला, किंचित आत वळलेला. गारठा पडला की त्या जागी खाज सुटायची. हाडाच्या आत खाजतंय, म्हणायचा. मग ती ताडाच्या बियांचं काळं तेल तळव्यावर घेऊन चोळत बसायची, तो झोपेपर्यंत.

"आई!" आकेन्जीच दारात उभा होता. समोरचा दात पडलेला, त्या खिंडीत जीभ घालून बोलायची नवी खोड लागलेली. "मक्याचा उंडा उरलाय का? आतांगादादाने माझ्या वाट्याचा खाल्ला."

"इकडे ये."

"मी काही केलं नाही!"

"ये रे इकडे. नुसता उभा राहा."

तिने दोरी त्याच्या खांद्यांवर ठेवली. गाठ खांद्याच्या हाडावर बसली. मानेपासून खाली सोडली, गाठ घोट्याला लागली. उजवा हात. मग डावा. ती गाठ त्याच्या मनगटावर अशी येऊन बसली जशी पाखरू घरट्यात बसावं.

"हा खेळ मला माहितीय," आकेन्जी म्हणाला. "त्या दिवशी ता आवासुम आमच्याशी खेळत होते. सगळ्यांना दोरी लावली. मला शेंगा जास्त दिल्या."

तिने त्याला उंडा दिला, वर पालाभाजी घातली आणि तो खाताना त्याच्याकडे बघत राहिली. राजाला जेवताना कुणी बघायचं नसतं. राजाला हात लावायचा नसतो. त्याच्याशी बोलायचं ते वाकून, हलकेच टाळी वाजवून, तोंडापुढे ओंजळ धरून. त्याचं जन्माचं नाव ज्या दिवशी पकडतात त्या दिवशी गळून पडतं, आणि ते उच्चारेल त्याला दंड. मग ती राजाची आईसुद्धा का असेना. राजमाता, माफो, ती वेगळीच असते. मेन्तांगमध्ये राजाच्या आत्याला तो मान. जन्म देणारीला अंगणातल्या बाकीच्या बायकांसारखं लांब उभं राहायचं.

हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या नवऱ्यानेच सांगितलं होतं. म्हातारा राजा, हरवलेला. तोही लहानपणीच पकडलेला होता. एकदा तिच्या खोलीत आडवा पडलेला असताना म्हणाला होता, "स्विरी, डोक्यावर हात ठेव जरा. नुसता ठेव." तिने ठेवला. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, "पकडलं त्यानंतर माझ्या आईने मला कधी हात लावला नाही. रोज दिसायची. अंगणाच्या पलीकडून टाळी वाजवायची. मला ताप आला तेव्हासुद्धा टाळीच वाजवली." नंतर त्याचा डोळा लागला. एवढ्या मोठ्या माणसाचं डोकं तिच्या हाताखाली पोरासारखं गरम होतं.

नाव कुणाचं घ्यायचं हे जाताना राजाच कानात सांगून जातो. म्हणजे हे त्याने सांगितलं होतं. सगळं ठाऊक असून. स्विरीने दोरी मुठीत आवळली आणि पहिल्यांदा त्या माणसाला मनापासून शिव्या दिल्या.

आपला पोरगा कधी निवडला जाईल असं तिला वाटलंच नव्हतं. वाकड्या हाताचं पोर कोण सिंहासनावर बसवतं? तो हात मोडला तेव्हा ती रडली होती आणि मग आतल्या आत, कुणाला न सांगता, तिला बरंही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने बाळाला, तान्ह्या लेकीला, नेहला, पाठीशी बांधलं, लाल सुताच्या लडी टोपलीत भरल्या आणि आकेन्जीचं बोट धरलं. दरवाजावर दोन पहारेकरी गवतावर पालथे पडून कोलाच्या कडू बिया चघळत होते.

"कुठे निघालात, राणीबाई?"

"ओढ्यावर. सुताचा रंग जातोय का बघायचाय. काळ्यावर लाल उतरलं तर सगळं मातीत जाईल."

"बरोबर आहे. जा की." एकजण उठून बसला. "पोराला राहू द्या इथे."

"त्याच्या अंगाला वास येतोय. घालते आंघोळ."

"वास सगळ्यांनाच येतो. या माझ्या सोबत्याला तर राजा होता तेव्हापासून येतोय." दोघं हसले. हसता हसताच त्याने भाला उचलून दरवाजात आडवा धरला, अगदी अदबीने, जसं एखाद्याला पडवीत बसा म्हणावं. "पोर राहू द्या, राणीबाई. तुम्ही जा, आम्ही खेळवतो त्याला."

ती ओढ्यावर गेली. जायलाच हवं होतं, नाहीतर त्यांना कळलं असतं. तिने लडी पाण्यात बुडवल्या. लाल काही उतरलं नाही, चांगलं सूत होतं. ओढ्यापलीकडे तिच्या बापाचं गाव, चुलीचा धूर इथून दिसत होता. बाळाला अंगावर घेऊन ती दगडावर बसली आणि त्या धुराकडे बघत राहिली. एकीला घेऊन जाता येत होतं. दुसऱ्याला नाही. ती परत आली.

पण पाण्याकाठी एक जुनी गोष्ट तिच्या डोक्यात घुसली होती. बापाच्या तोंडून ऐकलेली. फार मागे एका राजपुत्राला पकडलं, आत नेलं, अंगावर तोघू चढवला आणि तो गुडघ्यापर्यंतच आला. म्हातारे म्हणाले, पितरांना हा नको. त्याला घरी सोडलं. दुसरा पकडला. ज्याला तोघू बसत नाही तो राजा नव्हे.

दोरीला तोंड नसतं. मग ती चाडी तरी कशी करणार?

आखूड शिवला तर लगेच कळेल, मखमल चोरली म्हणतील. मोठा शिवायचा. मोठा तर कुणाच्या मापाचा? नुसता सैल नको. सैल तोघू कुणालाही चालून जातो. दुसऱ्या कुणालातरी नेमका बसला पाहिजे. म्हातारे आजूबाजूला बघतील आणि त्यांना तो दुसरा समोरच दिसला पाहिजे.

आणि तो दिसला. अंगणात, लंगडत.

"काय झालं रे पायाला, आतांगा?"

आतांगा, तिच्या सवतीचा, बिन्वीचा मोठा मुलगा. बांबूसारखा वाढलेला, हनुवटीवर लव यायला लागलेली. तो ओशाळला. "काही नाही, धाकटी आई. काटा."

"काटा कसला!" बिन्वी मागून आली, त्याला ढकलून आत पाठवलं आणि स्विरीच्या शेजारी बसकण मारली. "मीच सांगितलंय लंगड म्हणून. ते म्हातारे फिरताहेत ना घारीसारखे. लंगड्याला कोण पकडतंय? पण गाढवाला आठवतच नाही कुठला पाय ते. सकाळी उजवा, आता डावा."

स्विरी हसली. हसताना तिचे डोळे भरून आले आणि बिन्वीला वाटलं, हसूनच.

"तुझं बरं आहे बाई," बिन्वी म्हणाली. "तुझ्या पोराला देवानेच हात वाकडा करून दिलाय. सुटलीस."

बिन्वीनेच आकेन्जीला जगात आणलं होतं. स्विरीच्या पोटावर गुडघा टेकून, शिव्या घालत, "ढकल गं बये, झोपलीस काय!" करत. नाळ तिनेच कापली. नेहच्या वेळी स्विरीला दूध उतरेना तेव्हा बिन्वीने रोज गरम पिवळा रस्सा आणि कुटलेल्या अळकुडीचा गोळा आणून समोर बसून खायला घातला.

"मा बिन्वी," स्विरी म्हणाली. थोरल्या सवतीला ती 'मा'च म्हणायची. "आतांगाला पाठव उद्या माझ्याकडे. उरलेल्या कापडाचा एक सदरा करून देईन."

"देशील? त्याचे सगळे तोकडे झालेत गं, बघ ना."

स्विरीने त्याचं माप घेतलं. हाताच्या वितीने, दोरीला गाठ न मारता. पोरगा शहाण्यासारखा हात पसरून उभा राहिला. त्याच्या मानेला घामाचा, लाकडाच्या धुराचा वास येत होता, सगळ्या पोरांना येतो तसा. "सदऱ्याला खिसा कर, धाकटी आई," तो म्हणाला. "गोट्या ठेवायला."

"करते."

मग तिने मखमल कापली.

कापून झाली तेव्हा कात्री खाली ठेवून ती तिथेच बसून राहिली. मखमल पुन्हा जोडता येत नाही. टाका उसवता येतो, कात्री उसवता येत नाही.

त्यानंतर दिवस कसे गेले ते तिलाच ठाऊक. बाळ पायावर, मखमल गुडघ्यावर. बाळ झोपलं की साखळी टाका, जागं झालं की दूध. दूध पाजतानाही डोळा कापडावर. गळ्याभोवती आधी पिवळी वर्तुळं, सूर्यासारखी, मग त्यांच्यामध्ये नारिंगी पाल. पाल घरात राहते, घरातलं सगळं ऐकते, म्हणून राजाच्या अंगावर ती असावीच लागते. छातीवर जोडघंटा, राजाच्या हुकमाची खूण, लाल, कडेला पांढरी. तिला स्वतःलाच कळत होतं, एवढा चांगला टाका तिने आजवर घातला नव्हता. हाताला काय लाज! हात आपलं काम करत होता. डोकंच तेवढं त्या गाठीपाशी अडकलं होतं.

बिन्वी सुया ओवून द्यायला यायची. एकदा तिने तयार झालेला भाग हातात घेतला, उलगडला, वर धरला. खाली कापड जमिनीपर्यंत उतरलं.

"मोठ्या पोराचा दिसतोय गं."

स्विरी लडीतलं सूत सोडवत राहिली.

बिन्वीने तोघूचा खांदा हातात धरला. बोटांनी चाचपला. आईच्या बोटांना पोराचा खांदा कळतो, काळोखात, कापडावरून, कसाही. तिने तो हळूच खाली ठेवला.

"दोरी दाखव, स्विरी."

"मला परवानगी नाही."

"मी कुणाला सांगणार नाही. एकदा दाखव."

दोरी नेहच्या लंगोटात गुंडाळून ठेवलेली होती, बिन्वीच्या गुडघ्यापासून हाताच्या अंतरावर. स्विरीने बाळाला उचलून छातीशी धरलं. "ता आवासुम माझी जीभ कापतील."

बिन्वी उठली. दारात थांबली, पण वळून बघितलं नाही. त्या दिवसापासून आतांगा दोन्ही पायांनी लंगडायला लागला. अंगणातल्या बायका पोट धरून हसल्या. फक्त दोघी हसल्या नाहीत.

पकडलं ते भर सकाळी. बंदुकांचे बार झाले, ढोल घुमला, आणि राजाची सगळी पोरं अंगणात ओळीने बसवली. म्हातारे आले ते गप्पा मारतच आले, पिकाबद्दल, गुडघेदुखीबद्दल, जणू सहज निघालेत. आतांगासमोरून गेले. आकेन्जीसमोरून गेले. आकेन्जी शेजारच्या पोराला पडलेल्या दाताची खिंड दाखवत होता. मग ता आवासुम मागे वळला आणि त्याने झडप घातली.

पोर किंचाळलं. "आई!"

स्विरी पुढे झाली. तिच्या दंडाला कुणीतरी धरलं, दुसऱ्या दंडाला आणखी कुणीतरी. म्हाताऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं, लोक ओरडत होते, वाकत होते, टाळ्या वाजवत होते. त्या गोंगाटात ती त्याचं नाव घ्यायला गेली, तेव्हा मागून एका हाताने तिचं तोंड दाबलं.

"नको," बिन्वी तिच्या कानात म्हणाली. "नको घेऊस. त्याच्यासमोरच दंड करतील तुला."

पोर आत गेलं. अंगण रिकामं झालं. बिन्वीने तोंडावरचा हात काढला, नेहला स्विरीच्या पाठीवरून सोडवून आपल्या कडेवर घेतलं.

"तो तोघू माझ्या पोराच्या मापाचा आहे," ती म्हणाली.

स्विरी खाली बसली होती. तिने होकाराची मान हलवली.

"मला कळलं होतं. कापड हातात घेतलं तेव्हाच." बिन्वीने नेहला कडेवर सावरून घेतलं. "तुझ्या जागी असते तर मीसुद्धा हेच केलं असतं. म्हणूनच तुझ्याशी बोलवत नाहीय. थोडे दिवस बोलू नकोस माझ्याशी." आणि नेहला घेऊन ती तिथेच उभी राहिली, कुठे गेली नाही.

पकडलेला राजा आत कोंडून ठेवतात, त्याला राजाचं सगळं शिकवतात. स्विरीला आतून काही ऐकू यायचं नाही. ऐकू यायचं तेव्हा ते रडणं असायचं. गारठा पडला होता. त्याचा हात खाजत असणार. आत तेल कोण लावणार? कोण हात लावणार?

तिला एकाच गोष्टीचा आधार उरला होता. तोघू. त्यांनी तो अंगावर चढवायची वाट ती आता देवाची बघावी तशी बघत होती. तो त्याला बसणार नाही. ते म्हणतील, हा नव्हे. दार उघडेल. मग आतांगाचं काय, बिन्वीचं काय, हा विचार आला की ती नेहच्या टाळूत नाक खुपसायची.

लोकांना राजा दाखवायच्या दिवशी तिला आत बोलावलं. शिवणाऱ्याने स्वतःच्या हाताने तोघू आत न्यायचा असतो.

खोलीत म्हातारे भिंतीला टेकून बसले होते, माफो एका कोपऱ्यात. मध्ये पोर. अंगाला लाल चंदनासारखं कॅमवुड चोळलेलं, डोकं तुळतुळीत. वाळला होता. त्याने तिला बघितलं आणि तोंड उघडलं, पण तो हाक मारायला धजावला नाही. तेवढ्या दिवसांत तेवढं शिकवलं होतं त्यांनी.

स्विरी वाकली. टाळी वाजवली. तोंडापुढे ओंजळ धरली. स्वतःच्या पोरापुढे.

दोन म्हाताऱ्यांनी तोघू लांब काठ्यांवर धरून वरून सोडला, अंगाला बोट न लागू देता. पोर त्यात बुडालं. बाह्या जमिनीवर लोळल्या, खालचा घेर पायांपुढे ढीग होऊन पडला. गळ्यातून नुसतं एक छोटं डोकं वर आलं, गवतातून भूछत्र यावं तसं.

एका म्हाताऱ्याने दुसऱ्याकडे बघितलं. "हे काय?" माफो म्हणाली.

स्विरी मनात घोकत होती. म्हणा आता. म्हणा.

ता आवासुम उठला. काठी टेकत जवळ आला, तोघूभोवती एक फेरी मारली. जोडघंटेवर बराच वेळ डोळा ठेवला. मग स्विरीशेजारी येऊन उभा राहिला आणि तिला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "दोरी नेहमी दोन कापतात, पोरी. एक माझ्याकडे असते."

तिची ओंजळ सुटली.

म्हातारा वळला. "बसत नाही, असं कोण म्हणतंय?" त्याने आवाज चढवला. "आज बसणारा तोघू उद्या तोकडा होतो. पितरांनी हा पुरता शिवून घेतलाय. म्हणजे हा राजा वाढेल. उंच होईल, दाढी येईल, म्हातारा होईल, आणि याच तोघूत म्हातारा होईल. यापेक्षा आणखी काय सांगायला पाहिजे त्यांनी?"

एकाची टाळी वाजली, मग सगळ्यांच्या. हलक्या, एका लयीत. माफोचे डोळे भरून आले. स्विरीला त्या टाळ्या डोक्यात खिळे ठोकल्यासारख्या लागल्या. जे दार तिने स्वतःच्या हाताने, टाक्याटाक्याने उघडायला घेतलं होतं, ते तिच्याच टाक्यांनी शिवून बंद झालं होतं.

"पण बाहेर जाताना अडखळून पडेल तो," माफो म्हणाली. "राजा पडला तर?"

"टिपा घालून घ्या." ता आवासुमने स्विरीकडे बघितलं. त्याच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. "कापू नकोस. आत दुमड. वाढेल तसा दर वर्षी उसवायचा. लावलेली टीप लावणाऱ्याच्याच हाताने सुटली पाहिजे."

स्विरीने सुई ओवली. दोनदा चुकली. मग गुडघ्यांवर सरकत पोराजवळ गेली. शिवणाऱ्याचा हात कापडाला लागू शकतो, अंगाला नाही. ते सगळ्यांनाच माहीत होतं, सगळे बघत होते. तिने खालचा घेर उचलला, दुमडला, टाके घातले. उजवी बाही दुमडली, टाके घातले. तिने मान वर केली नाही. वर बघितलं असतं तर हात चालला नसता.

ती डाव्या बाहीपाशी आली.

वरून, अगदी हळू, दाताच्या खिंडीतून फुंकर आल्यासारखं ऐकू आलं. "खाजतंय."

तिची सुई थांबली.

"आतमध्ये. हाडात," तो पुटपुटला. ओठ हलवले नाहीत. तेही शिकला होता.

डावी बाही सगळ्यांत लांब राहिली होती. मखमलीचा मोठा काळा बोगदा, आतांगाच्या हातासाठी कापलेला. स्विरीने दुमड बघायची म्हणून बाहीत हात घातला. मनगट गेलं. कोपर गेलं. बाहेरून काहीही दिसत नव्हतं, नुसती मखमल आणि तिच्यावरच्या नारिंगी पाली. आत तिच्या बोटांना ते वाकडं हाड लागलं.

तिने खाजवलं. आधी हळू, मग नखांनी, त्याला आवडायचं तसं, कोपराकडून मनगटाकडे. छोटी गार बोटं वळली आणि तिचा अंगठा धरून बसली.

"वेळ लागतोय का?" ता आवासुमने विचारलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"लागतोय, ता." ती म्हणाली. "डावी बाही अवघड आहे."

"दर वर्षी लागेल एवढा वेळ?"

"तो वाढतोय तोवर लागेल."

बाहेर ढोल वाजत होता, अख्खा गाव राजाची वाट बघत उन्हात उभा होता. एकदा बाहेर गेला की अंगणाच्या पलीकडे टाळी, ओंजळ आणि वाकणं, पुढच्या पावसाळ्यात टिपा उसवायला बोलावतील तोवर. एका हाताने तिने टाका घातला, घट्ट. आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून तोच टाका पुन्हा उसवला, आणि पुन्हा घातला.